आकडा आधी लिहून ठेवावा

आपल्या मंडळाच्या सभासद-यादीत 'व्यवसाय' असा रकाना नाही. तो असता, तर 'इंजिनिअर' हा शब्द एकदा लिहून खाली पानभर 'वरीलप्रमाणे' लिहावे लागले असते. कोणी मोटारींच्या कारखान्यात, कोणी पंपांच्या, कोणी विमानांच्या, कोणी इस्पितळात लागणाऱ्या यंत्रांच्या. आम्ही पडलो रसायनशास्त्रवाले. आमचा दिवस काचेच्या नळ्या आणि बाटल्यांत जातो. तरीही आज आम्ही इंजिनिअर मंडळींच्या अंगणात पाऊल टाकत आहोत. तो विषय आम्हांला वाटत होता तितका परका निघाला नाही, हे एक कारण. दुसरे कारण असे की तो केवळ यंत्रांचा विषय नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांतली कर्ती माणसे रोज त्यात गुंतलेली आहेत, आणि त्याबद्दल संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर एक अक्षर बोलत नाहीत.

विषय असा. नवे यंत्र कागदावरून पहिल्यांदा लोखंडात उतरते, तेव्हा ते नीट चालत नाही. कोठे नट ढिला होतो, कोठे वायर घासते, कोठे तेल झिरपते. यात कोणाचा गुन्हा नसतो. म्हणून कंपनी पहिली दोन-चार यंत्रे चाचणीला लावते, त्यांना बिघडू देते, बिघाडाचे मूळ शोधते, रचना बदलते आणि पुन्हा चालवते. बिघाडामागून बिघाड निघत जातात आणि यंत्राचा भरवसा वाढत जातो. याला 'रिलायबिलिटी ग्रोथ टेस्टिंग' म्हणतात. आपण 'भरवसा वाढविण्याची चाचणी' म्हणू. आमचे म्हणणे या चाचणीच्या आखणीविषयी आहे. ही आखणी चाचणी सुरू होण्यापूर्वी, आकड्यांत आणि सह्यांनिशी झाली पाहिजे. तशी ती झाली नाही तर त्याचा पहिला फटका यंत्र वापरणाऱ्याला बसतो, आणि दुसरा फटका आपल्यासारख्या परक्या देशातल्या नोकरदाराला.

नाटकाची तालीम सर्वांना ठाऊक आहे. तालमीत दिग्दर्शक मध्येच टाळी वाजवून थांबवतो. "पुन्हा घ्या," म्हणतो. हालचाल बदलतो, वाक्य कापतो. रंगीत तालीम वेगळी. तिथे थांबायचे नसते, पडदा वर गेला की खाली येईपर्यंत जे होईल ते होईल. यंत्रांच्या जगातही अशा दोन चाचण्या असतात. पहिली वाढीची, दुसरी सिद्धतेची. ज्या दिग्दर्शकाने सगळ्या तालमी शेवटच्या शनिवार-रविवारात कोंबल्या, त्याची रंगीत तालीम हीच पहिली तालीम ठरते! आपल्या मंडळात असे कधी घडत नाही, असे छातीठोकपणे सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण नाटकात फार तर एक वाक्य गळते आणि काकू पहिल्या रांगेतून हळूच हसतात. मोटारीच्या ब्रेकबाबत किंवा सलाइनच्या पंपाबाबत तेवढ्यावर भागत नाही.

या विषयाला शिस्त लावण्याचे श्रेय जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या जे. टी. डुएन या इंजिनिअरला जाते. त्यांनी जलदाबावर चालणारी उपकरणे, विमानातले जनरेटर, जेट इंजिन अशा निरनिराळ्या यंत्रांच्या बिघाडांच्या नोंदी एकत्र केल्या आणि १९६४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. एका अक्षावर यंत्र एकूण किती तास चालले, दुसऱ्या अक्षावर दोन बिघाडांमधला सरासरी काळ किती, आणि दोन्हीही लॉग कागदावर. यंत्रे इतकी वेगळी, पण प्रत्येकाचे ठिपके साधारण सरळ रेषेत आले. पुढे सत्तरच्या दशकात लॅरी क्रो यांनी अमेरिकन सैन्यासाठी काम करताना या रेषेला संख्याशास्त्राचा पाया दिला. १९८१ मध्ये त्यावरून लष्कराची मार्गदर्शिका निघाली, आणि तिची सुधारलेली आवृत्ती २०११ साली आली. म्हणजे हे शास्त्र नवे नाही आणि गुप्त तर मुळीच नाही.

सगळी गोम आहे ती त्या रेषेच्या चढात. चांगल्या, नेटाने केलेल्या कामात हा चढ ०.३ ते ०.५ च्या आसपास असतो. बिघाड दिसले तरी रमतगमत दुरुस्त केले तर तो ०.२ किंवा त्याहूनही कमी. हे आकडे दिसायला जवळजवळ आहेत, पण त्यांच्या पोटात काय दडले आहे ते पाहा.

समजा, एक यंत्र २०० तास चालवून झाले आहे आणि आज त्याच्या दोन बिघाडांमधला सरासरी काळ ५० तास आहे. आपल्याला तो १०० तासांवर न्यायचा आहे, म्हणजे फक्त दुप्पट. चढ ०.५ असेल तर एकूण तास चौपट, म्हणजे ८०० लागतात. चढ ०.४ असेल तर सुमारे ११३०. चढ ०.३ असेल तर दहापट, म्हणजे सुमारे २०००. आणि चढ ०.२ असेल तर बत्तीसपट, म्हणजे ६४००! आता हे तास कॅलेंडरवर मांडू. दोन यंत्रे चाचणीला आहेत आणि दुरुस्तीचा खोळंबा वजा जाता प्रत्येक यंत्र आठवड्याला ६० तास चालते असे धरा. म्हणजे आठवड्याला १२० तास झाले. पहिल्या हिशेबाने काम पाच आठवड्यांत संपते, शेवटच्या हिशेबाने जवळजवळ एक वर्ष लागते. दशांशचिन्हापुढचा एक आकडा बदलला की पाच आठवड्यांचे वर्ष होते. असा आकडा कोणी, कशाच्या आधारावर निवडला, हे विचारण्याचा हक्क त्या खोलीतल्या प्रत्येकाला असायला हवा की नको?

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. चढ ०.३ धरला, तर २०० तासांपासून २००० तासांपर्यंत जाताना सुमारे २३ नवे बिघाड अपेक्षित आहेत. अपेक्षित, म्हणजे हवेच आहेत! ते आले नाहीत तर यंत्र सुधारले असे नव्हे, चाचणी मऊ होती असा संशय घ्यावा. हे तेवीस बिघाड म्हणजे तेवीस वेळा मूळ शोधणे, तेवीस वेळा रचनेत बदल, नवा भाग घडवून आणणे आणि तो बसवून पुन्हा चालवणे. त्याला माणसे लागतात, प्रयोगशाळा लागते, मुख्य म्हणजे दिवस लागतात. आखणीत चाचणीचे तास असतात, पण या तेवीस दुरुस्त्यांचे दिवस पुष्कळदा नसतात. मग बिघाड नोंदवला जातो, दुरुस्ती 'पुढच्या आवृत्तीत' ढकलली जाते आणि यंत्र त्याच दुखण्यासह तास मोजत राहते. असे तास कितीही साठले तरी भरवसा वाढत नाही, वहीची जाडी तेवढी वाढते.

आखणी खोटी पडण्यासाठी कोणी खोटे बोलावे लागत नाही. ती अगदी सज्जनपणे, पायरीपायरीने खोटी होत जाते. पहिली पायरी म्हणजे तारखेवरून मागे मोजणे. यंत्र अमुक महिन्यात बाजारात जायचे आहे, तेव्हा चाचणीला अमुक आठवडे उरतात, तेव्हा चढ ०.४५ असलाच पाहिजे. हा आकडा अनुभवातून आलेला नाही, तो गरजेतून आलेला आहे. दुसरी पायरी म्हणजे बिघाडांची निवड. प्रत्येक बिघाडावर बैठक बसते आणि हा मोजायचा की नाही ते ठरवते. 'चालवणाऱ्याची चूक', 'चाचणीच्या मांडणीचा दोष', 'पुन्हा दिसला नाही' अशा शेऱ्यांखाली बिघाड यादीतून एकेक करून बाहेर पडतात. काही शेरे खरेही असतात. पण निकष आधी ठरलेले नसले, तर महिनाअखेरीस खऱ्या शेऱ्यांची संख्या का वाढते, याचे उत्तर देणे कठीण आहे. तिसरी पायरी म्हणजे दुरुस्तीला पूर्ण गुण देऊन टाकणे. भाग बदलला, बिघाड 'बंद'. अनुभव असा आहे की एखाद्या दुरुस्तीने त्या दोषाचे प्रमाण शंभर टक्के कधीच जात नाही. लष्करी आखणीत साधारण सत्तर टक्क्यांच्या आसपास धरतात. काही दुरुस्त्या तर नवे दुखणे घेऊन येतात.

याची किंमत किती होते, ते दोन उदाहरणांवरून पाहू.

अमेरिकेच्या मरीन दलासाठी पाण्यातून आणि जमिनीवरून धावणारे एक चिलखती वाहन बनत होते, नाव एक्स्पिडिशनरी फायटिंग व्हेइकल. मोठ्या बिघाडाशिवाय ते सरासरी ४३.५ तास चालावे अशी अट होती. २००६ सालच्या चाचणीत ते सुमारे ४.५ तास चालले. म्हणजे भरवसा दुप्पट नव्हे, जवळजवळ दसपट वाढवायचा होता. वरच्याच गणितात बसवून पाहा. ०.३ चढ धरला तर आधीच्या तासांच्या सुमारे दोन हजार पट तास लागतात. ०.५ इतका उत्तम चढ धरला तरी नव्वद पटींहून अधिक. चाचणी करकरून हे अंतर तोडणे माणसाच्या आवाक्यातले नाही. रचनाच नव्याने करावी लागते, आणि तशी ती हाती घेतलीही गेली. तोवर वर्षे आणि पैसा दोन्ही संपत आले होते. तीन अब्ज डॉलरच्या आसपास खर्च झाल्यावर जानेवारी २०११ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी तो प्रकल्प रद्द करण्याची घोषणा केली. यावरून घ्यायचा धडा सरळ आहे. सुरुवातीचा आकडा फार खाली असेल, तर चाचणी सुरूच करू नये, आराखड्याकडे परतावे. पण 'फार खाली' म्हणजे किती, हे सुरुवात होण्याआधी लिहिलेले असले तरच परतता येते.

दुसरे उदाहरण आमच्या शास्त्राच्या जवळचे. २०१६ सालच्या ऑगस्टमध्ये सॅमसंगचा गॅलॅक्सी नोट ७ हा फोन बाजारात आला, आणि दोन आठवड्यांत काही फोन पेटू लागले. सप्टेंबरच्या सुरुवातीला कंपनीने सुमारे २५ लाख फोन परत मागवायचे ठरवले. त्या वेळी तिने सांगितलेले प्रमाण दहा लाखांत २४ असे होते. बदली फोन दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटरीसह दिले गेले. तेही पेटले! ऑक्टोबरमध्ये त्या फोनचे उत्पादनच थांबले. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने कारणे जाहीर केली, ती मुळातून समजून घेण्यासारखी आहेत. पहिल्या बॅटरीत कोपऱ्याशी इलेक्ट्रोड दुमडला जात होता. दुसऱ्या बॅटरीत जोडकामाचे अणकुचीदार कंगोरे राहिले होते. लिथियम बॅटरीत दोन इलेक्ट्रोडांच्या मध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो आणि भोवती ज्वालाग्राही द्रव. पडदा फाटला की आतल्या आत शॉर्ट सर्किट होते, उष्णता वाढते आणि पुढचे कोणाच्या हाती राहत नाही. फोनचे दुखणे बाहेरून एकच दिसत होते, आग. आत मात्र दोन वेगळ्या बॅटऱ्यांचे दोन वेगळे दोष होते. दुरुस्ती म्हणून आणलेली वस्तू ही सुद्धा नवी वस्तूच असते आणि तिची तालीमही नव्याने व्हावी लागते, हे इतक्या ठळकपणे क्वचितच दिसले असेल.

याच उदाहरणात आकड्यांचाही धडा आहे. दोष दहा लाखांत २४ इतका विरळ असेल, तर तो किमान एकदा दिसण्याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास सव्वा लाख फोन वापरून पाहावे लागतील. हजार फोनांची चाचणी शांतपणे पास होईल आणि सगळे एकमेकांचे अभिनंदन करतील. कंपनीने नंतर तपासासाठी दोन लाखांहून अधिक फोन आणि तीस हजार बॅटऱ्या तपासल्या. तितके करणे प्रत्येकाला शक्य नसते. म्हणून विरळ पण घातक दोषांसाठी नुसते तास मोजून भागत नाही. क्ष-किरणांनी आत पाहावे लागते, बॅटरी उलगडून पाहावी लागते, मुद्दाम ताण द्यावा लागतो. कोणते दोष तासांनी शोधायचे आणि कोणते इतर मार्गांनी, याची वाटणीसुद्धा आखणीतच व्हायला हवी.

ताण देऊन वेळ वाचवता येतो का? येतो, आणि आम्ही रसायनवाले ते रोज करतो. औषध दोन वर्षे टिकेल की नाही, हे पाहण्यासाठी दोन वर्षे चालणारी चाचणी होतेच. पण तिच्या जोडीला ४० अंश सेल्सियस आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिन्यांची चाचणीही करतात. तापमान वाढले की अभिक्रियेचा वेग वाढतो, या अऱ्हेनियसच्या नियमावर ती उभी आहे. पण एक अट आहे. कैरी आढीत घातली की लवकर पिकते, तीच उकडली तर तिचे पन्हे होते. दोन्हीकडे उष्णताच, पण आत घडणारी गोष्ट वेगळी. यंत्रालाही ताण देताना, खऱ्या वापरात जो दोष येणार तोच लवकर येतो आहे की भलताच एखादा निर्माण होतो आहे, हे पाहावे लागते. 'आम्ही जास्त तापवून पाहिले, तेव्हा एक हजार तास हे पाच हजारांसारखे' असे कोणी सांगितले, की आधी विचारावे, आढी की पातेले?

आता घरचे बोलू.

या सगळ्या बैठकांत आपली माणसे असतात, पुष्कळदा नोंदी ठेवणारी. आलेख कोणी काढला? आपल्या जोशांनी. बिघाडांची वही कोणाकडे? आपल्या पाटलांच्या सुनेकडे. आकडा काय म्हणतो आहे, हे खोलीत सर्वांत आधी त्यांना कळलेले असते. आणि तेच गप्प बसतात. आमच्या परिचयातल्या एका तरुणाने आम्हांला सांगितले की, त्याने मांडलेल्या बिघाडांपैकी अर्ध्याहून अधिक 'चालवणाऱ्याची चूक' या शेऱ्याने वगळले गेले. ते शेरे त्याला पटले नव्हते. तो बोलला नाही. त्याच्या कंपनीचे नाव येथे देण्याचे कारण नाही, कारण मुद्दा कंपनीचा नाहीच.

त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. पण एच-१बी वर असलेल्या माणसाची नोकरी गेली, तर २०१७ पासूनच्या नियमाने त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवी नोकरी, नाहीतर विमानाचे तिकीट. ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांची वाट सर्वांत लांब, कारण कोणत्याही एका देशाला वर्षाच्या संख्येतला साधारण सात टक्क्यांपर्यंतचाच वाटा. मुलगी चौथीत आहे, घराचे हप्ते चालू आहेत, गावी आई-वडील आहेत. अशा माणसाला 'सत्य बोला' असा उपदेश मंडळाच्या वृत्तातून करणे, हे आम्हांला शोभणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे उपदेशाचे नाही, व्यवस्थेचे आहे. दुबळ्या जागी बसलेल्या माणसाला आवाज चढवून बोलावे लागू नये, अशी सोय आखणीत करता येते. चाचणीच्या पहिल्या दिवसाआधी एक पान लिहावे. आज कोठे आहोत, कोठे जायचे आहे, चढ कोणता धरला आणि तो कोणत्या जुन्या यंत्राच्या नोंदींवरून, एकूण तास किती, दुरुस्तीसाठी माणसे आणि दिवस किती. बिघाड कशाला म्हणायचे आणि कशाला नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, कोणत्या टप्प्यावर कोणता आकडा आला नाही तर थांबायचे. 'इतक्या तासांनंतर सरासरी अमुक तासांखाली असेल, तर पुढचा टप्पा सुरू होणार नाही' हे वाक्य आणि त्याखाली वरिष्ठांची सही. मग तीन महिन्यांनी जोशांना उठून "मला हे पटत नाही" असे म्हणावे लागत नाही. ते एवढेच म्हणतात, "पानावर असे लिहिले आहे, आणि आकडा हा आहे." बोलतो तो कागद. व्हिसा कागदाचा रद्द होत नाही!

हे पान नसले की काय होते? २७ जानेवारी १९८६ च्या रात्री चॅलेंजर यानाच्या रॉकेटांचे इंजिनिअर एका दूरध्वनी-बैठकीत थंडीत उड्डाण नको म्हणून सांगत होते. रबराच्या कड्या थंडीत ताठरतात, हे कोणताही रसायनवाला सांगेल. आधीच्या उड्डाणांत त्या कड्या झिजलेल्या दिसल्या होत्या. म्हणजे बिघाड दिसत होते, नोंदले जात होते, आणि तरीही याने उडत होती. ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली उडू नये, असे त्या इंजिनिअरांनी सुचवले. पण त्या जोडासाठी अशी तापमानाची मर्यादा आधीपासून ठरलेली आणि मान्य झालेली नव्हती. तिचे तक्ते त्याच संध्याकाळी घाईने तयार झाले होते. आयत्या वेळचा आकडा वरिष्ठांच्या घाईपुढे टिकला नाही. दुसऱ्या दिवशी सातजण गेले. ते इंजिनिअर याच देशाचे नागरिक होते आणि त्यांनी तोंडही उघडले होते. तरीही ते अपुरे पडले, तर आपल्या गप्प बसणाऱ्या पाहुण्या माणसाचा काय पाड लागणार?

यावर आक्षेप येतील. पहिला आक्षेप, इतका वेळ कोणाकडे आहे? वेळ नसेल तर लक्ष्य खाली आणावे आणि गिऱ्हाइकाला तसे सांगावे, हाही एक प्रामाणिक पर्याय आहे. वेळ नाही, लक्ष्यही तेच, मग चढ मात्र वाढवला, हा पर्याय नव्हे. दुसरा आक्षेप, आता कंप्युटरवर सगळे आधी पाहता येते. येते ते उत्तमच आहे, त्यामुळे सुरुवातीचा आकडा वर जातो. चिलखती वाहनाचे उदाहरण पाहिले तर त्याची केवढी गरज आहे ते कळते. पण कंप्युटर आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो, आणि कंगोरा राहील का, हे विचारायचे कोणाला सुचले असते? तिसरा आक्षेप, शेवटी सिद्धतेची चाचणी आहेच, दोष तेथे पकडला जाईल. येथे पुन्हा आकडा पाहावा. १०० तासांची क्षमता ८० टक्के खात्रीने सिद्ध करायची, तर सुमारे १६१ तास एकही बिघाड न होता चालवावे लागते. ज्या यंत्राची खरी क्षमता बरोबर १०० तास आहे, ते या परीक्षेत पाचात एकदाच पास होते. म्हणजे वाढीच्या चाचणीत लक्ष्याच्या बरेच पुढे जाऊन ठेवले नाही, तर शेवटची परीक्षा नशिबाची सोडत होते, आणि सोडतीत हरणाऱ्यांवर पुन्हा 'शेरे' मारण्याचा दबाव येतो.

चौथा आक्षेप कोणी छापून देणार नाही, पण तो मनात असतो. आपण बाहेरचे, आपल्याला काय करायचे आहे? याला आमचे उत्तर असे. त्या मोटारीत आपलीच मुले बसून शाळेच्या सहलीला जातात. तो सलाइनचा पंप आपल्याच भेटीला आलेल्या वडिलांच्या उशाशी असतो. बिघाड पासपोर्ट पाहून येत नाही.

आमच्या सूचना तीनच आहेत. ज्यांची पंचवीस-तीस वर्षे येथे झाली, जे नागरिक झाले, विभागप्रमुख झाले, त्या काका-मावशींनी हे पान मागण्याचे काम आपल्या अंगावर घ्यावे. त्यांनी विचारले तर तो अनुभव ठरतो, नव्याने विचारले तर तो उद्धटपणा ठरतो. नव्या मंडळींनी निदान सुरुवातीच्या बैठकीत, वातावरण थंड असताना, 'थांबण्याचा आकडा कोणता?' एवढा एकच प्रश्न विचारावा. पहिल्या दिवशी तो प्रश्न कोणालाच खुपत नाही, शेवटच्या दिवशी तो सर्वांनाच खुपतो. आणि मंडळाने वर्षातून एक दुपार या विषयाला द्यावी. कंपनीची गुपिते नकोत, नावे नकोत. फक्त असे पान कसे लिहावे, चढ कसा काढावा, लॉग कागदावर ठिपके कसे मांडावे, हे जाणत्यांनी नव्यांना दाखवावे. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमध्ये उमेदवारी केलेले किंवा येथल्या कारखान्यांत चाचणी-विभागात मुरलेले सभासद आपल्यात असतील, त्यांनी पुढे यावे. हॉलची आणि चहाची व्यवस्था आम्ही कार्यकर्ते पाहू.

घरच्यांनाही एक विनंती आहे. संध्याकाळी तो किंवा ती गप्प गप्प घरी आली, तर 'बढतीचे काय झाले' हे विचारण्याआधी 'आज आकडा काय आला' असे विचारून पाहावे. उत्तर समजले नाही तरी चालेल. दिवसभर जे कोणी ऐकून घेतले नाही, ते घरात ऐकले गेले, तर उद्याच्या बैठकीत तोंड उघडायला थोडे बळ येते.

या लेखातली मते आमची आहेत, मंडळाच्या कार्यकारिणीची नव्हेत. चाचणीच्या कामात असलेल्या वाचकांनी आमच्या विवेचनात काही राहून गेले असल्यास जरूर लिहावे. विरोधी मताचे पत्रही पुढच्या अंकात जागा असेल तेवढे छापू. दुपारच्या कार्यक्रमासाठी नावे द्यायची असतील त्यांनी वर्गणीच्या पाकिटातच चिठ्ठी घालावी, म्हणजे टपालखर्च वाचेल.